काकूंच्या स्वयंपाकघरावरची टाकी

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. डोंबिवलीतल्या त्या इमारतीच्या गच्चीवर सौर बंब बसवताना टाकीचे पाय कुठे टेकायला हवेत, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी ते दुसरीकडे टेकवले.

ऐंशीचं दशक सरत आलेलं. कळव्याच्या कारखान्यातली नोकरी सोडून मी उन्हावर पाणी तापवायच्या धंद्यात पडलेलो. लोक हसायचे. "ढग आले की अंघोळ कशाने करायची, तुमच्या भाषणाने?" त्यामुळे ही पहिली सोसायटी मिळाली तेव्हा कशालाही नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती.

अशा बंबाची टाकी उंचावर लागते. तापलेलं पाणी पंपाशिवाय आपलं आपण वर चढतं. भरल्या टाकीचं ओझं इमारतीच्या तुळयांवर यायला हवं. मी खडूने खुणा केल्या, त्या नेमक्या वाळवणाच्या जागेवर आल्या. उन्हाळ्यात तिथे बायकांचं राज्य.

"अहो साहेब, हे जरा मधे सरकवा ना," पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. "आणि थोडं उंच करा. खाली सावलीत पापड लाटायला बसू."

"ऊन तुमचं, सावली आमची!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या.

मीही हसलो. "जमवू," म्हणालो. तुळया सोडून चारही पाय स्लॅबच्या मध्यावर गेले. त्याच्या बरोबर खाली तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं स्वयंपाकघर. काकू एकट्याच, यजमान गेलेले, मुलगी लग्न होऊन ठाण्याला.

थंडीत नळाला गरम पाणी आलं आणि सोसायटीने मला पेढे दिले. त्याच सुमारास काकूंनी चहाला बोलावलं. कप तोंडाला लावताना सहज वर नजर गेली. छताला केसाएवढी रेघ. कप मी तसाच खाली ठेवला.

"काय रे, साखर जास्त पडली का?"

"नाही काकू, छान झालाय."

भीती तिथून सुरू झाली. सकाळी माझ्या ठाण्याच्या घरी बादलीत पाणी पडायला लागलं की माझ्या डोक्यात ती टाकी भरायला लागे. फोन शेजाऱ्यांकडे होता; "तुमचा फोन आहे" अशी हाक आली की मी चप्पल न घालताच धावायचो. काहीतरी निमित्त काढून मी डोंबिवलीला जायचो. जाईन तेव्हा रेघ थोडी पुढे सरकलेली. आणि काकू बरोबर तिच्या खाली विळी मांडून भाजी चिरत बसलेल्या.

"काकू, खिडकीशी बसा ना, उजेड आहे."

"अरे, तिथे ऊन येतं. इथे कसं गार वाटतं."

एकदा व्हॉल्व्ह बिघडल्याची थाप मारून मी टाकी रिकामी केली. जरा झोप लागली. पण सेक्रेटरींनी प्लंबर बोलावून ती पुन्हा भरून घेतली. "थंडीचं लोक मला शिव्या घालतात हो!"

शेवटी तड्याचा विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये निघाला. गच्चीवर काकूंच्या कुंड्या होत्या, तुळस आणि मोगरा. "दोन्ही वेळ पाणी घालतात. तेच मुरतंय, दुसरं काय!" एक जण म्हणाला, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. जाणकार मीच ना. कल्याणच्या एका सोसायटीची माणसं त्याच आठवड्यात बंब बघायला यायची होती.

"पाण्यानेही होतं तसं," मी म्हणालो.

"माझ्यामुळे कुणाच्या जिवाला घोर नको बाई," काकू म्हणाल्या. कुंड्या त्यांनी स्वतःच एकेक करून खाली नेल्या. मी एक उचलायला गेलो तर म्हणाल्या, "राहू दे रे, तुझे कपडे खराब होतील."

त्यानंतर एका दुपारी छताचा मोठा पोपडा कोसळला. काकू बेल वाजली म्हणून दार उघडायला उठलेल्या, म्हणून वाचल्या. मी पोचलो तेव्हा विळी वाकून पडलेली, चिरलेल्या भेंडीवर सिमेंटचा चुरा. शेजारणींना काकू सांगत होत्या, "माझ्याच पाण्याचं फळ गं."

पुढच्या आठवड्यात देखभालीच्या नावाखाली मी टाकी तुळयांवर नेली. कुणी काही विचारलं नाही.

नव्वदनंतर हे क्षेत्र वाढलं, मी त्यातला तज्ज्ञ झालो. सभांमध्ये सांगतो, ऊन फुकट असलं तरी त्याचा भार कुणाच्या तरी डोक्यावर येतो. आधी छत तपासा, मग आकाश बघा. टाळ्या पडतात. अजूनही कुठल्या गच्चीवर चढण्याआधी मी खालच्या घरात जातो आणि वर बघतो.

काकू आता नाहीत. त्यांची मुलगी ठाण्यातच राहते, माझ्या घरापासून पायी जाण्याइतकी जवळ. मागे भाजीबाजारात भेटली. मी विचारलं, गॅलरीत मोगरा वगैरे लावला की नाही? "छे हो," ती म्हणाली, "आई शेवटपर्यंत लावू देत नव्हती. म्हणायची, पाणी मुरतं, छत पडतं." मी मान हलवली आणि जुडी पिशवीत टाकून निघालो.

तो तडा तिच्या आईच्या कुंड्यांनी गेला नव्हता, टाकी मी चुकीच्या जागी बसवली होती, एवढं तिला सांगायचं मी देणं लागतो.