कृष्णनाथाचं नाक

गोवा राज्य झालं, त्याच सुमारास लाटंबार्शाचा कृष्णनाथ भर समुद्रात तेलविहिरी खोदणाऱ्या रिगवर लागला. गावात तेव्हा कोकणी की मराठी यावरून जुंपलेली असायची, आणि भांडून दोन्ही पक्ष दमले की कृष्णनाथाच्या बापाच्या, शंभूबाबांच्या, भट्टीवरची काजूफेणी घेऊन घसा ओला करायचे. म्हातारा म्हणायचा, "भाषा खंयचीय असूं दे, गिऱ्हाईक आपला!"

पहिल्या सुट्टीत कृष्णनाथानं ओट्यावर बसून आपलं काम समजावलं. विहिरीत दाट चिखल सोडतात, त्याला मड म्हणतात. मडच्या वजनाखाली गॅस दबून राहतो. कधी तो जोर करतो, मडमध्ये मिसळून वर येतो. मग विहिरीचं तोंड आवळायचं आणि तो मड एका उंच पिंपात सोडायचा. आतल्या पत्र्यांवर आपटत मड खाली पडतो, गॅस सुटून वरच्या नळीनं उंच हवेत जातो. पिंपाच्या तळाची वाकडी नळी मात्र मडनं भरलेली हवी. ती रिती झाली की गॅस सरळ माणसांत येतो. ते पिंप राखायचं काम कृष्णनाथाचं.

शंभूबाबांनी विडी विझवली. "म्हणजे आमच्या भट्टीच्या उलटा. वाफ सोडून दितात आनी चिखल सांभाळतात? आनी ह्याका पगार दितात?"

"दितात, बाबा."

"मगे त्यांका सांगू नको. करीत रवांदे."

तो करीत राहिला. बायको सत्यवती, पक्कं घर, मोटारसायकल, सगळं त्या चिखलातून वर आलं.

मग एकदा गॅसनं असा जोर केला की वाकड्या नळीतला मडच ढकलला गेला. लोक मुखवटे चढवत पळाले. पळताना एकजण ओरडला, "कुजक्या अंड्यांची घाण सुटलीय, आणि तू उभा काय?" भोंगा त्यानंतर वाजला. कृष्णनाथ पिंपाच्या सगळ्यांत जवळ होता आणि त्याला कसलाच वास आला नव्हता. त्या दिवशी कुणी दगावलं नाही. पण रात्रपाळीनंतर त्यानं साबण हुंगला, डिझेल हुंगलं, शेवटी स्वतःचे मोजे हुंगले. मोज्यांनाही वास नाही म्हटल्यावर मात्र तो घाबरला. नाक कधी गेलं, कशानं गेलं, कुणास ठाऊक.

हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही. घरी येऊन एवढंच म्हणाला, "बाबा, रिग पुरे. भट्टी मी बघतो."

म्हाताऱ्याचे गुडघे गेलेच होते. चुलतभाऊ गोकुळदास भट्टीवर डोळा ठेवून होता, तरी शंभूबाबा पोराच्या बाजूनं झुकले. "एक भाण फेणी एकट्यानं काढून दाखव. भट्टी तुझी."

कृष्णनाथ खूश झाला. बुडबुडे बघण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि फेणीचा कस तर बाटली हलवून बुडबुड्यांवरच बघतात. भल्या सकाळी त्यानं तांब्याचं भाण काजूच्या आंबलेल्या रसानं भरलं, खाली जाळ केला आणि धार पडू लागली तशी डोळ्यांत तेल घालून बसला. बाटली हलवली. मोत्यांसारखे बुडबुडे! तो स्वतःशीच हसला आणि आणखी एक लाकूड सारलं.

तेवढ्यात सत्यवती विहिरीवरून कळशी टाकून धावत आली. "अवो, करपला! सगळा करपला! पार वाटेर वास येता!"

तळाचा गाळ भाणाला लागून जळला होता. शंभूबाबा काठी टेकत आले. त्यांनी बोट धारेखाली धरून नाकाशी नेलं आणि सगळी फेणी आळ्यात ओतायला लावली.

"जाळ कमी कित्याक केलो नाय?"

"कळलं नाही, बाबा." मग खाली बघत त्यानं सांगून टाकलं. "मला वासच येत नाही."

म्हाताऱ्याला शिव्यांची कधी वाण नव्हती. त्या दिवशी एकही दिली नाही. फेणीचं बोट त्यांनी धोतराला पुसलं. म्हणाले, "चिखल सांभाळलोस, पूता." भट्टी सांभाळायला ये, असा निरोप त्यांनी गोकुळदासला दुसऱ्या दिवशी धाडला.

तेव्हापासून गोकुळदास भट्टीच्या धुरातच बसलेला असतो, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, आमच्या भावाला समुद्र मानवला.

त्या निरोपानंतर आठवडाभरानं कृष्णनाथ पुन्हा रिगवर चढण्याआधीच्या तपासणीला गेला. डॉक्टरांनी डोळे बघितले, कानांशी घड्याळ धरलं, छातीला नळी लावली, खोकायला सांगितलं. कृष्णनाथ खोकला आणि वाट बघत उभा राहिला. हे आता नाकाचं विचारतील, या भीतीनं की या आशेनं, ते त्याचं त्यालाच माहीत.

"जा की," डॉक्टर म्हणाले. "एकदम फिट."