पेडल मऊ लागत होतं

फोन आला तेव्हा मी ओवीला बालवाडीत सोडून कर्वेनगरच्या चौकात भाजी घेत होते. ह्यांचा फोन. हे फोनवर कधी माझं नाव घेत नाहीत, त्या दिवशी घेतलं. "पूजा, तू इकडे ये... बाबा खाली बसलेत, उठत नाहीयेत." मागून कुणीतरी रिक्षा रिक्षा म्हणून ओरडत होतं. मी आमच्या गॅरेजवर पोचेपर्यंत त्यांना दवाखान्यात नेलं होतं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हार्ट अटॅक म्हणाले. मामाजी, म्हणजे माझे सासरे, गेले. सगळे रडत होते आणि मला रडूच येईना, कारण माझ्या डोक्यात एकच फिरत होतं... काल संध्याकाळी पेडल मऊ लागलं होतं. आता अशा वेळी हे कुणाला सांगायचं?

मी वाशीमकडची. दहावीला दोन विषय गेले ते गेलेच, मग लग्न. पुण्यात आले तेव्हा मला वाटायचं गॅरेज म्हणजे पंक्चर काढतात. पण मामाजींचं काम वेगळं होतं. लोक जुन्या जीपा घेऊन यायचे, त्यांना मोठमोठे टायर लावायचे, गाडी उंच करायची, मग ती डोंगरात दगडधोंड्यांतून चालवायची. टायर मोठे झाले की जुने ब्रेक पुरत नाहीत, गाडी थांबत नाही. म्हणून मागचे ब्रेक काढून मामाजी तिथं दुसऱ्या गाडीचे डिस्क ब्रेक बसवायचे. लांबून लांबून लोक त्यासाठी यायचे. आणि ब्रेक बसवले की पाइपात हवा राहते, ती काढायला दोन माणसं लागतात, एक खाली झोपून निप्पल, म्हणजे हवा सोडायचं बारीक तोंड, उघडणार, एक वर बसून पेडल दाबणार. हे बऱ्याचदा सामान आणायला बाहेर. मामाजी मला म्हणाले, "पोरी, ओढणी खोच आणि चढ वर." मी म्हटलं, "मामाजी, मला गाडी येत नाही." तर म्हणाले, "तुला कुठं मुंबईला जायचंय? शिलाई मशीन चालवतेस ना, तेवढाच पाय लागतो." झालं, तिथून सुरू झालं ते. खालून आवाज यायचा, दाब... धर... सोड. ओवीच्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत मी ते केलं. मला बाकी काही येत नाही, पण माझ्या पायाला ते कळायला लागलं. हवा असली की पेडल मऊ लागतं, भिजलेल्या कणकेत पाय दिल्यासारखं खाली जातं, आणि हवा गेली की एकदम दगड.

आणि त्यांची एक पद्धत होती. गाडी तयार झाली की पहिल्या फेरीला ओवीला शेजारच्या सीटवर बसवायचे. हे चालवणार, गॅरेजसमोरचा उतार उतरून खाली जाऊन ब्रेक मारणार. मामाजी गिऱ्हाइकाला म्हणायचे, "माझी नात ज्यात बसली नाही, ती गाडी तुमच्या पोरांना द्यायची नाही." गिऱ्हाइकांना हे फार आवडायचं, मोबाइलवर फोटो काढायचे. मला नाही आवडायचं, पण बोलायचं धाडस कुठलं.

त्या शेवटच्या संध्याकाळी खराडीच्या एका सरांची हिरवी जीप होती. सर तिथल्या आयटीत आहेत. हे सामान आणायला गेले होते, मामाजींनी मागचे दोन्ही ब्रेक एकट्यानं बसवले. मधेच दोनदा स्टुलावर बसले, शर्ट पाठीला चिकटला होता. मी विचारलं तर म्हणाले, "पित्त झालंय गं." मग हवा काढायला घेतली. मी दाबलं, म्हटलं, "मामाजी, खाली जातंय." "परत दाब." परत दाबलं. "जातंय अजून." असं किती वेळ... नेहमी चार-पाच दाबांत पेडल टणक व्हायला लागतं, त्या दिवशी होईचना. मग ते खाली नुसतेच पडून राहिले. मी हाक मारणार तेवढ्यात बाहेर आले आणि म्हणाले, "असू दे, उद्या बघू." अर्धं काम टाकून उठलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आणि मी काय केलं... उतरले आणि भाकऱ्या टाकायला घरी गेले.

तेरावं झालं आणि सर आले. शनिवारी बायको-पोरांना घेऊन डोंगरात जायचं ठरलेलं होतं त्यांचं. हे म्हणाले, "गाडी तयार आहे सर. बाबांचं शेवटचं काम." आणि माझ्याकडे वळून, "ओवीला दे. पहिली फेरी मारतो, बाबांना बरं वाटेल." ओवी हात पुढं करून निघालीच होती. मी तिला घट्ट धरलं.

"नको."

"काय नको?"

"पेडल मऊ आहे."

हे जवळ आले, हळू आवाजात म्हणाले, "अगं, सरांसमोर काय बोलतेस? बाबांनी बसवलंय ते." मग वर चढले, टपटप तीन-चारदा पेडल दाबलं. "बघ की, टणक आहे." सर हसले, "वहिनी, काकांच्या कामात चूक? अहो, ते देव होते." मला माहीत होतं की हवा असली तरी सारखं दाबलं की पेडल टणक लागतंच. मी म्हटलं, "अहो, एकदाच दाबा. सोडा, थांबा, आणि एकदाच दाबून धरा."

"झालीस का मिस्त्री? बोर्डावर नाव टाकून घेऊ तुझं."

"टाका. पण आधी दाबा."

त्यांनी दाबलं. मी पायाकडे नाही, त्यांच्या तोंडाकडे बघत होते. तोंड उतरलं. हातबॅटरी घेऊन गाडीखाली शिरले. मला वाटलं आता बाहेर येऊन ओरडणार. मग खालूनच म्हणाले, "निप्पल खालच्या बाजूला आलीय... दोन्हीकडं."

म्हणजे असं, की डिस्कला धरणारे दोन लोखंडी भाग असतात, कॅलिपर म्हणतात, डावीकडचा वेगळा, उजवीकडचा वेगळा. हवा वर चढते म्हणून निप्पल वर यावी लागते. मामाजींनी डाव्याचा उजवीकडं आणि उजव्याचा डावीकडं लावला होता. मी रात्रभर दाबलं असतं तरी हवा निघाली नसती.

हे बाहेर आले आणि टायरला टेकून खालीच बसले. "बाबांचं असं होणारच नाही," म्हणाले. "डोळे झाकून बसवायचे ते." मग म्हणाले, "तेव्हाच दुखत असणार त्यांना, पूजा." मी म्हटलं, "मला त्यांचा घाम दिसला होता... मी भाकऱ्या टाकायला गेले." हे मला रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. सरांनीच माठातलं पाणी आणून दिलं दोघांना.

मग ह्यांनी कॅलिपर सोडवून बाजू बदलल्या. मी वर बसले. दाब, धर, सोड... आवाज ह्यांचा, पण बापासारखाच खरखरीत. पाचव्या दाबाला पाय अडला. मग मागची चाकं उचलून हातानं गरगर फिरवली, मी हळूच दाबलं, तर डावं आधी थांबलं आणि उजवं मागून. असं असलं तर उतारावर गाडी आडवी होते, एवढं मलाही माहीत होतं. परत सगळं उघडलं, घासलं, उजवीकडची राहिलेली हवा काढली. दोन्ही चाकं एकदम थांबेपर्यंत ऊन कलायला आलं. सर थांबून राहिले, एकदाही घड्याळ बघितलं नाही.

पहिल्या फेऱ्या मी मारल्या. ह्यांच्या शेजारी बसून, तीनदा. तिन्हीदा गाडी सरळ थांबली, मातीत मागच्या दोन्ही टायरच्या खुणा सारख्या. तरी ओवीला द्यायला माझे हात सुटेनात. सर म्हणाले, "राहू द्या वहिनी, मला पटलंय." पण मला वाटलं, आता नाही दिली तर मामाजींचं काम चुकलेलंच राहील. मी तिला बसवलं, पट्टा लावला, दोनदा ओढून बघितला, आणि पळत उतारावरून खाली गेले, रस्त्याच्या अलीकडं, गाडी जिथं थांबायला पाहिजे तिथं. मामाजी दरवेळी तिथंच उभे असायचे, गाडीच्या समोर, हात मागं बांधून. वर शेडमधून बघताना मला वाटायचं, किती निवांत उभा आहे हा माणूस.

खालून जीप केवढी दिसते ते मला माहीत नव्हतं. नुसता आवाज आणि ते टायर, अंगावरच येतायत असं... मी हात मागं बांधले, सुटू नयेत म्हणून एकमेकांत आवळून धरले. माझा उजवा पाय मातीत रुतला होता, मीच ब्रेक दाबत होते. गाडी थांबली. माझ्यात आणि तिच्यात चार पावलं असतील. इंजिनची गरम हवा तोंडावर आली.

ओवी वरून ओरडली, "आई, बाजूला हो ना, आम्हाला पुढं जायचंय!"

हो हो, होते, म्हटलं. पण पाय काही लवकर उचलेना.