चितळांचं औषध कुणी खाल्लं

पनवेलजवळच्या एका उद्यानात चितळांचं मोठं कुंपण होतं. दोन हजार सालानंतर काही वर्षं मी तिथे पशुवैद्य म्हणून जायचो. चितळाला बैलासारखं धरून औषध पाजता येत नाही. धरलं तर भीतीनेच जीव सोडतं. म्हणून जंतांची पावडर भरड्यात कालवून गव्हाणीत ठेवायची. हे काम राखणदाराचं. तो जवळच्या गावचा, माझ्याच वयाचा, फटकळ.

औषध देऊनही दोन माद्या खंगून मेल्या. पोट उघडलं तर आत जंतच जंत. मला राखणदाराचाच संशय आला. त्याच्या घरी शेळ्या होत्या, आणि त्या तुकतुकीत होत्या. मी रिकामी पाकिटं मागायला लागलो. त्याने ती आणून दिली, तर वाटलं, पावडर शेळ्यांना घालतो आणि पाकिटं मला दाखवतो.

"आता चाटून बगा, डॉक्टर," तो म्हणाला. "तो मोठा शिंगवाला कुनाला गव्हाणीशी येऊ देत नाय. समदं तोच खातो."

मला ही पळवाट वाटली. गव्हाणीजवळच्या लेंड्या तपासल्या, त्यांत जंतांची अंडी नव्हती. लांबच्या कोपऱ्यातल्या लेंड्यांत भरपूर होती. म्हणजे याने थोडं औषध घातलं, उरलेलं नेलं, असा अर्थ मी काढला आणि तसाच अहवाल दिला. त्याला काढून टाकलं.

नव्या माणसावरही माझा भरवसा नव्हता. म्हणून औषधाच्या दिवशी मी झाडाआड उभा राहिलो. मोठा नर आला, शिंगं खाली घालून त्याने माद्यांना हुसकलं आणि गव्हाण एकट्याने साफ केली. दुसऱ्या दिवसापासून मी लांब लांब सहा घमेली ठेवायला लावली. जंत आटोक्यात आले. माझं कौतुक झालं. अहवाल मात्र मी बदलला नाही.

निवृत्तीनंतर त्याला शोधत गेलो. पनवेलच्या पुढे, द्रोणागिरीत एका गोदामाच्या फाटकावर तो राखणीला बसला होता. मी सगळं सांगितलं.

"मना कशाला सांगता? मी चोर नाय, ते मना ठाव हाय. गावाला सांगा. अजून कुनाची शेळी आजारली का माज्याकडं हरणाचं औषध मागतात, आन् हसतात."

त्या दिवशी गावात शिरायची हिंमत झाली नाही. म्हणून हे लिहून काढलं. येत्या रविवारी हाच कागद तिथल्या देवळापुढे वाचणार आहे. त्याला फोन करून बोलावलं.

"जावा तुमी. मी नाय येनार. मी काय केलंय?"