पट्ट्यावरची जाळी

अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, त्याची माफी असावी. शाळा चौथीपर्यंतच झाली. कुणाला दाखवायला लिहीत नाही, तरी कागदाचीसुद्धा लाज वाटते.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी तिथल्या एका डाळ मिलमध्ये रोजानं जात होते. त्यात दुष्काळ पडला. मशीनच्या पट्ट्याखाली डाळीचा चुरा सांडायचा, ती चुनी झाडून बायांनी घरी न्यायची अशी रीत होती. त्या साली आमच्या घरी चुनीचंच वरण शिजायचं.

कायद्यानं पट्ट्याला लोखंडी जाळी लागते. जिल्ह्याचे साहेब तपासायला येऊ लागले तशी मालकानं ती बसवली. पण जाळीमुळे झाडणी आत जाईना. एका दुपारी मशीन बंद असताना मी नट काढले आणि जाळी भिंतीला टेकवली. माझ्याजवळ बसणारी उदगीरकडची अक्का म्हणाली, "लई हुशार झालीस गं. मुकादम बघंल."

"तुला चुनी नको का?" मी म्हटलं. ती हसली.

मशीन सुरू झालं तरी मी जाळी परत लावली नाही. अक्का झाडायला वाकली, पदर पट्ट्यात ओढला गेला. तो सोडवताना तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

साहेब चौकशीला आले तेव्हा अक्का दवाखान्यात होती. "जाळी कोणी काढली?"

"तिनंच, साहेब," मालक म्हणाला. "किती सांगा, ऐकत न्हाईत ह्या बाया."

मी तिथंच उभी होते. रोज बुडेल म्हणून खाली बघत राहिले. जाळी स्वतःच काढली असं ठरल्यावर अक्काला भरपाई मिळाली नाही. उलट दवाखान्याचा खर्च मालकानं तिच्याच अंगावर उचल म्हणून टाकला.

ती घरी आल्यावर मी गेले. मालकानं साहेबापुढं तिचं नाव घेतलं तेव्हा मी बोलले नाही, हे तिला सांगितलं.

"मला ठाव हाय," अक्का म्हणाली. "तू कवा बोलतीस त्याची वाट बघून राहिले व्हते."

"साहेबाला सांगू आता?"

"सांग. मग तुझाबी रोज जाईल. उचल कोण फेडंल?"

मी साहेबाकडे गेले नाही. तेही मला सोयीचंच होतं. मुकादमाला म्हटलं, अक्काची उचल माझ्या मजुरीतून कापा. का, हे त्यानं विचारलं नाही. चुनीला मात्र मी परत हात लावला नाही.

उचल फिटली त्या संध्याकाळी सांगायला गेले. अक्का डाव्या हातानं भाकरी थापत होती.

"फिटली सगळी," मी म्हटलं.

"हाव," ती म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली.