बार कॉर्ड अन् सरची पेन्सिल

पेन्सिलीच्या टोकानं सरनं माझं बोट ढकललं. "आडवं ठेव. अजून वर." गिटारवर एफ नावाचा कॉर्ड वाजवाचा तर पहिलं बोट साऱ्या तारांवर आडवं दाबा लागते. त्याले बार कॉर्ड म्हणतात. माझ्या बोटाखाली तारा नुसत्या खरखर करत होत्या.

बाजूच्या कापडवाल्याच्या पोराच्याबी करत होत्या. पण त्याचं बोट सरनं आपल्या हातात घेतलं, जरासं कुशीवर वळवलं, अंगठा मागून नीट बसवला. तार बोलली. "येईल हळूहळू," त्याले म्हणाला. मले म्हणाला, "तुमच्या लोकांची बोटं जाड. तुझ्यानं व्हायचं नाही हे."

नव्वदीतली गोष्ट. क्लास वर्ध्यात, एका बंगल्यात. मी सेवाग्रामहून सायकलनं जात होतो. कॉलेजच्या गॅदरिंगमधे मले एक गाणं वाजवाचं होतं, अन् एफ आल्याबिगर ते गाणं वाजत नव्हतं. बाप दवाखान्यात झाडू मारते, हे सरनं पहिल्याच दिवशी विचारून घेतलं. तवापासून पेन्सिल. मी क्लासची गिटार खाली ठेवली का सर ते फडक्यानं पुसाचा, मंग दुसऱ्याले द्याचा. अन् वरून म्हणाचा, "संगीताला जात नसते." वा रे गुरुजी.

त्या दिवशी मी म्हटलं, "सर, त्याचं बोट धरलं तसं माझं धरून दाखवा."

"दुरून दिसत नाही का?"

"दिसते. तुम्ही काऊन धरत नाई, तेबी दिसते."

सरचं तोंड पडलं. एवढा मोठा कलावंत, अन् एका बोटाले भ्याला. मी गिटार त्याच्या गादीवर ठेवली. "पुसून घ्या," म्हटलं अन् निघालो.

त्या गॅदरिंगमधे काई वाजवलं नाई. मंग नागपूरहून एक जुनी गिटार आणली. बोटाची अंगठ्याकडची टणक कड तारांवर टेकवली. कोपर बरगडीले लावलं, जोर दंडातून आणला. लय दिवस लागले, कातडं सोललं, पण एफ आला. बोटं तेवढीच जाड होती.

पुढं स्टेजवर वाजवाले लागलो, नाव झालं. तवा सरचा निरोप आला. गुरुपौर्णिमेले ये, माझा विद्यार्थी म्हणून सत्कार करतो. म्हणजे पायाले लावाले माझा हात चालते त्याले. थू.

निरोप्याले म्हटलं, "सांगजो त्याले, मी येत नाई."

कोणाजवळ शिकला, असं लोक विचारतात. गुरू म्हणून त्याचं नाव मी कधीच घेणार नाई. त्यानं काय केलं, ते मात्र सांगीन. माइकवरून, दर वेळी, तो पुढच्या खुर्चीत बसला असला तरी.