भोंगा वाजला का आंगणात

टेम्पोत सामान भरून झालं होतं, तरी मी घराले कुलूप लावत होतो. बायको म्हणाली, "कोणासाठी लावता? उद्या मशीन येऊन पाडणार हाये." तरी लावलंच. उमरेडकडची आपली वस्ती खाणीनं घेतली आणि आपण पांगलो. कोणी कन्हानले, मी नागपुरात. तुमच्यासाठीच लिहून राहिलो. चौथी शिकलो, पण लिहितो मीच.

आठवते ना, खाणीचा भोंगा वाजला का लेकरं घेऊन सारे आंगणात? सुरुंग फुटला का मातीच्या भिंती हालत, माती गळे. माझ्या पोरीले, सुजाताले, मीच शिकवलं: जमीन हालली का पहिले बाहेर पळाचं, मंग मागं पाहाचं.

सुजाता आता जपानात म्हाताऱ्या माणसायची सेवा करते. मागच्या महिन्यात तिथं धरणी हालली. तिच्यासंगच्या बाया टेबलाखाली शिरल्या, माझी पोरगी बाहेर पळाली. वरून छपराचे कवेलू पडले, उजवा खांदा मोडला. माणूस उचलाचं काम तिच्यानं पुढं होईन का नाही, डॉक्टर सांगत नाही.

मी फोनवर चिडलो. "काहून राहून राहिली वं तिथं? नागपूरले ये. इथं जमीन जागची हालत नाही."

तिनं समजावलं. म्हणे जमीन सलग नाही, तिचे मोठमोठे तुकडे हाये. समुद्राखालचा तुकडा जपानच्या खाली घुसते, घुसता घुसता अडकते. अडकलेलं सुटलं का धरणी हालते. तोच तुकडा खोल गेला का त्यातलं पाणी निघते, त्यानं वरचा खडक वितळते, त्याचेच ज्वालामुखी. बेटायचे किती तरी देश अशा तुकड्यायच्या शिवेवर बसले हाये. नागपूर तुकड्याच्या मधात.

"तीस वर्ष खाणीत होतो, मले एकबी तुकडा नाही दिसला."

"बाबा, तुमची खाण म्हणजे वरची पापडी."

"पापडी तं पापडी. हालत तं नाही!"

"आपल्या गावात कुठं भूकंप झाला होता? तरी गेलंच ना."

मी फोन ठेवून देला.

खांदा माझ्या शिकवणीनं मोडला. हे तिनं म्हटलं नाही, मीबी नाही. चूक कबूल कराची मले सवय नाही. पण तुमच्यातल्या कितीकायचे लेकरं बाहेर हाये, म्हणून सांगतो: तिथले घरं हादरा सोसाले बांधले असते. त्यायले म्हणा, पळू नका. मजबूत टेबलाखाली बसा, डोकं झाका.

ती येत नाही म्हणते. धरणी हालली त्या दिवशी तिच्या खोलीतला एक कपबी फुटला नव्हता. घर माणसाले वाचवते, हे तिले परक्या देशात समजलं. मी तं तिले घरातून पळाचंच शिकवलं.