शाळेच्या मैदानातलं गाऱ्हाणं

आमच्या शाळेत देवाशी बोलायला रांग लागायची, आणि तीही उंचीप्रमाणे. सकाळची घंटा झाली की मीरा रोडच्या त्या मिशनरी शाळेच्या मैदानात पहिली ते चौथीची पोरं हातभर अंतर सोडून उभी राहायची. मी बुटकी, त्यामुळे कायम पुढे. पुढे उभं राहण्यात एक मोठा तोटा असतो. डोळे मिटा म्हटलं की ते खरोखर मिटावे लागतात. तरी मी एक डोळा किलकिला ठेवून सगळं बघून घ्यायचे. शेजारचा मुलगा ओंजळ उघडी धरून उभा असे, त्याच्या पलीकडची जैन मुलगी स्वतःचंच काहीतरी पुटपुटत असे, आणि ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ संपलं की मी हळूच ‘गणपती बाप्पा मोरया’ जोडून टाकत असे. म्हटलं, उगाच कुणाला वाईट वाटायला नको.

ह्या सगळ्याची सूत्रं आमच्या मुख्याध्यापिकेच्या हातात होती. ती वसईची, ठेंगणी, खणखणीत आवाजाची सिस्टर. तिला रागावता यायचं नाही असं नाही, पण राग तिच्या चेहऱ्यावर फार वेळ टिकायचा नाही. मला ती इतकी आवडायची की रविवारचा मला कंटाळा यायचा. असली मुलगी वर्गात कुणाला आवडत नाही, आणि मीही आवडत नव्हते.

प्रार्थनेत एक भाग विनंत्यांचा असे. ज्या वर्गाची पाळी त्यातलं एक मूल माईकपाशी जाऊन देवाकडे काहीतरी मागायचं आणि सगळी शाळा एका सुरात म्हणायची, ‘लॉर्ड, हिअर अवर प्रेयर’. शुक्रवारी हेच मराठीतून व्हायचं. आधी बाईच चिठ्ठीवर लिहून द्यायच्या, त्यामुळे आम्ही रोज जगात शांती मागत असू. मग सिस्टरने एकदा फर्मान काढलं, देवाला पाठ केलेलं सांगू नका, तुम्हाला खरोखर हवं असेल ते मागा. झालं! दुसऱ्या दिवसापासून शाळेने देवाकडे काय काय मागितलं ते विचारू नका. कुणाला टाकीत पडलेलं मांजराचं पिल्लू बरं व्हायला हवं होतं. कुणाला क्लासच्या सरांना ताप यायला हवा होता, ‘पण छोटासा’. सिस्टर तोंडावर रुमाल धरून खाली बघत राहायची, पण थांबवायची कुणालाच नाही.

आमचं बिऱ्हाड सिल्व्हर पार्कमध्ये. गिरगावातली खोली विकून बाबांनी इथे वन रूम किचन घेतलेलं. थंडी पडली की रत्नागिरीहून आजोबा येत ते शाळेला सुट्टी लागेपर्यंत राहायचे, मध्ये फक्त सणाला गावी जाऊन यायचे. गावात शिमग्याला देवासमोर गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा, आणि गाव सुटलं तरी सवय सुटत नव्हती. रोज सकाळी अंघोळ झाली की ते स्वयंपाकघरातल्या देवासमोर उभे राहून भरदार आवाजात सुरू करायचे, “बा देवा म्हाराजा! ह्या लेकाची नोकरी, सुनेची चूल नि नातीची शाळा तुज्या पदरात हाय. काय वाकडंतिकडं येत आसंल तं ते भायेर काड नि ह्यांना यशाच्या वाटंला लाव रं म्हाराजा!” आणि आई पोळी उलटता उलटता ओरडायची, “व्हय म्हाराजा!” शेजारच्या गुजराती काकूंना सुरुवातीला वाटलं होतं की आमच्याकडे रोज भांडण होतं.

मी आजोबांना शाळेतल्या विनंत्यांचं सांगितलं तेव्हा ते खूश झाले. “गाऱ्हानंच की ते! आमी गावात घालतो नि तुमी मैदानात घालता, येवडाच फरक.” मग त्यांनी विचारलं, “पन व्हय बोलनारे कसे हायत? जोरात बोलतात?”

“नाही हो. झोपेत असल्यासारखं बोलतात.”

“मग काय उपेग! येकट्यानं सांगितलं तं ती कुरकुर. समद्यांनी व्हय केलं का ते गाऱ्हानं.”

हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

वर्ष संपत आलं तसं शाळेत एक बातमी पसरली. सिस्टरची बदली होणार. सिस्टर लोकांच्या बदल्या त्यांची मोठी सिस्टर ठरवते आणि ठरवलं की जावंच लागतं, तिथे आईबाबांची चिठ्ठी चालत नाही, असं आमच्या बाईंनी समजावलं. मी घरी येऊन भोकाड पसरलं. आई म्हणाली, पुढच्या वर्षी नवीन सिस्टर येईल. जणू काही वॉटरबॅगच नवीन यायची होती! मी त्या दिवशी आईशी बोललेच नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मोठी सिस्टर शाळा बघायला येणार होती. शुक्रवार, तिसरीची पाळी, आणि माईकवर जायला वर्गातून मी. बाईंनी खास पाहुण्यांसाठी म्हणून पुन्हा चिठ्ठी लिहून दिली, जगात शांतीच. मी चिठ्ठी दप्तरात कोंबली आणि मधल्या सुट्टीत वर्ग गोळा केला.

“मी थांबले की सगळ्यांनी एकदम बोलायचं, ‘होय महाराजा!’ पोट फाडून.”

“महाराजा कौन है?” ओंजळवाल्या मुलाने विचारलं.

“भगवान रे, और कौन?”

“और माँगना क्या है?”

“सिस्टर नहीं जाने का.”

मग कुणी काही विचारलं नाही. जे मला खेळायलाही घेत नव्हते तेही ‘होय महाराजा’ची तालीम करायला लागले. संध्याकाळपर्यंत ती शाळेच्या रिक्षांमधून चौथीपर्यंत पोचली.

शुक्रवारी मोठी सिस्टर खुर्चीवर बसली होती. जाड भिंगाचा चष्मा, पांढरे केस, केरळची होती म्हणे, मराठी अजिबात कळत नव्हतं. मला ती एवढी वाईट दिसेना, आणि त्याचाच मला जास्त राग आला. बाईंनी माईक माझ्या उंचीला खाली केला. मग मी आजोबांसारखी छाती पुढे काढली.

“बा देवा महाराजा!”

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं ते मला किलकिल्या डोळ्याने दिसलं.

“ही आमची सिस्टर तुझ्या पदरात आहे. हिने आम्हाला पाढे शिकवले, गुडघे फुटले तर फुंकर मारली. हिला इथेच ठेव रे महाराजा!”

“होय महाराजा!” मैदान असं दणाणलं की गेटवरचा वॉचमन आत धावत आला.

आता मला चेव चढला. “हिला न्यायला कुणी आलं असेल, तर त्याची वाट चुकव महाराजा!”

“होय महाराजा!”

“त्याची रिक्षा घोडबंदरला ने, खाडीला चक्कर मारव, आणि चेण्याच्या जंगलात पेट्रोल संपव रे महाराजा!”

“होय महाराजा!”

मोठ्या सिस्टरने कौतुकाने टाळ्या वाजवल्या आणि आमच्या सिस्टरला इंग्रजीत विचारलं, काय म्हणाली ही? सिस्टर खोटं बोलत नसे, हीच तर पंचाईत. कानापर्यंत लाल होत तिने सगळं सांगितलं, अगदी पेट्रोलसकट. मोठी सिस्टर हसायला लागली ती थांबेचना. शेवटी चष्मा काढून डोळे पुसले आणि मला जवळ बोलावलं.

“तुम्हारी सिस्टर को लेने कौन आया है, पता है?”

मी मान हलवली. माहीत होतं.

तिने माझा हात हातात घेतला. तलासरीकडे एका पाड्यावर मुलींचं वसतिगृह आहे, ती तुटक्या हिंदीत सांगू लागली. चाळीस मुली आहेत, कुणाची आई वीटभट्टीवर, कुणाला आईच नाही. वर्षभर तिथे सिस्टर नाही. “वो लोग भी रोज सुबह प्रार्थना करता है. हमको एक सिस्टर दो, बोलता है. अभी तुम बोलो, भगवान किसका सुनेगा?”

मी हात सोडवून घेऊन रांगेत परत गेले. घरी येऊन मी आजोबांना विचारलं, दोन गावांनी एकाच गोष्टीसाठी गाऱ्हाणं घातलं तर देव कुणाचं ऐकतो?

आजोबांनी सुपारी कातरायला घेतली. “देवाला कशाला आडचनीत टाकायचं, पोरी? आशा वक्ताला येका गावानं आपनहून मागं सरायचं आसतं.”

“पण आम्ही का? त्यांनी सरावं ना!”

“ज्येच्याकडं हाय, त्यानं सरायचं.”

मी त्यांच्यावरही चिडले. रात्री जेवताना त्यांच्या ताटातली सांडगी मिरची पळवली आणि एकटीनेच खाल्ली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, ते मिरचीचं आहे असं मी सगळ्यांना सांगितलं.

शाळेच्या शेवटच्या दिवशी पाळी तिसरीची नव्हती. पण सिस्टर स्वतःच माईकपाशी आली आणि म्हणाली, मला निघायचंय, माझ्यासाठी कुणीतरी गाऱ्हाणं घालून द्या. सगळी शाळा माझ्याकडे बघायला लागली. मला पळून जावंसं वाटत होतं. तिने माझ्यासाठी माईक खाली केला.

“बा देवा महाराजा,” मी म्हटलं. आवाज आजोबांचा आलाच नाही, माझाच आला. “आमची सिस्टर तलासरीला चालली आहे. तिची गाडी कुठे चुकू देऊ नको रे महाराजा.”

“होय महाराजा.”

“तिथल्या मुलींना हिचा लळा लागू दे महाराजा.”

“होय महाराजा.” मागच्या रांगेतून कुणीतरी नाक ओढलं.

“हिलाही त्यांचा लागू दे महाराजा.”

ह्यावेळी अर्धेच आवाज आले. मी थांबले. इथेच संपवायचं असं मी माईकपाशी येताना ठरवलं होतं. पण देवाला खरोखर हवं तेच सांगायचं असतं, हे तिनेच शिकवलं होतं.

“पण आमच्याएवढा नको.”

मैदानात कुणाच्याच तोंडून शब्द फुटेना. तेव्हा सिस्टरने रुमाल तोंडावरून काढला आणि सगळ्या शाळेच्या वतीने, पोट फाडून, एकटीच ओरडली, “होय महाराजा!”